कोमट राहिलेला वाडगा

मुखिया थोंगइनच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चिंचेखाली चटया, चटयांवर बायका, बायकांच्या मांडीवर पोरं. पुरुष कुंपणावर, पिकअपच्या टपावर, मिळेल तिथे. मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आचान सिंगखाम बसलेला. आचान म्हणजे गुरुजी. हा कुठल्या शाळेचा गुरुजी, ते कुणी विचारलं नव्हतं. गळ्यात ताइतांच्या इतक्या माळा, की मान वळवली की खुळखुळायच्या.

"मून नदीच्या तळाशी नागराज निजलेत," तो डोळे मिटून म्हणाला. "ते श्वास सोडतात, त्याचं दव होतं. ते दव वाळवून, मंत्रून मी आणलंय. कुणासाठी? तुमच्या गवतासाठी. मला काय हवंय? मी विरागी माणूस."

विरागी माणसाची नवी कोरी गाडी फाटकाबाहेर चकाकत होती.

त्याने अ‍ॅल्युमिनियमचा वाडगा रांजणातल्या पाण्याने भरला, पिवळट पूड चांगली दोन मुठी टाकली आणि बोटाने ढवळत पुटपुटायला लागला. मग वाडगा थोंगइनच्या हातात दिला. थोंगइन दचकला.

"अरे, बर्फ आहे बर्फ!"

वाडगा हातोहात फिरला. "अगं बाई!" "खरंच की गं, बोटं बधिर झाली!" बघता बघता वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे थेंब जमले. आतलं पाणी आत आणि बाहेर दव! थोंगइनने ते थेंब बोटावर घेऊन कपाळाला लावले. अख्ख्या अंगणाने हात जोडले.

मी जोडले नाहीत. मी विचारलं, "आचान, हे नागराज तीन वर्षांच्या दुष्काळात कुठे निजले होते?"

"ज्याच्या डोळ्यात शंका, त्याच्या शेतात दव टिकत नाही," तो म्हणाला, आणि लोक मलाच हसले. थोंगइन म्हणाला, "सिथोन, तुझं तोंड आधीपासून असंच. बस खाली."

मी बसलो नाही, निघून गेलो. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जो जाळ पेटला, तो अजून विझलेला नाही.

आमचं नोंगफाई गाव गवताचं बी पिकवतं. भात खाण्यापुरता, पैसा गिनी गवताच्या बियांचा. सहकारी संस्था बी घेते आणि दूधवाल्यांना चाऱ्यासाठी पोचवते. काम चिवट आहे. तुऱ्यातलं बी एकदम पिकत नाही. आज थोडं, उद्या थोडं, आणि पिकलं की लगेच झडतं. म्हणून उभ्या गवताचे तुरे चार-चार ठोंबांचे एकत्र बांधायचे आणि रोज सकाळी जाळीच्या पिशवीत झटकायचे. यात तुरे किती येतात आणि ते उभे राहतात का, यावर सगळं असतं. पान कितीही माजलं तरी संस्था पान विकत घेत नाही.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आदल्या वर्षी शाळेच्या कडेला संस्थेने वाफे करून दाखवले होते. एकात ठोंब खेटून लावलेले आणि खत ओतलेलं. दुसऱ्यात ठोंबांमध्ये हातभराहून जास्त अंतर आणि खत बेताचं, दोन हप्त्यांत. दाट वाफ्यात फुटवे एकमेकांच्या सावलीत गुदमरले, तुरे मोजकेच आले. मोकळ्या वाफ्यातला एकेक ठोंब कारंज्यासारखा फुलला. सगळं गाव बघायला गेलं होतं. गावाने चिकट भात आणि भाजलेली कोंबडी खाल्ली, माना डोलावल्या आणि घरी येऊन विसरून गेलं.

विसरली नाही ती नुआनचान मावशी. पन्नाशीची विधवा, मूलबाळ नाही, गावाच्या टोकाला खांबांवरचं घर आणि मागे शेत. पान खाऊन ओठ लाल, बोलणं त्याहून तिखट. तिने सगळं शेत मोकळ्या अंतराने लावलं. तिचं बघून मीही लावलं.

आचानने नेमकं उलटं सांगितलं. "जमिनीत मोकळी जागा सोडाल, तर तिथून भुतं चालतील. मधल्या जागा भरून काढा. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला दव ओता." लोकांनी दोन ठोंबांमध्ये तिसरा खुपसला. पुडक्यामागून पुडकी विकत घेतली, टबात पाणी कालवलं आणि ओतलं. आठवड्यात शेतं हिरवीगार झाली. हिरवी म्हणजे काळपट हिरवी, डोळ्यात भरणारी. लोक बांधावर उभे राहून एकमेकांचे फोटो काढायला लागले.

थोंगइन मावशीच्या बांधावर थांबून म्हणाला, "मावशी, तुझ्या शेताला टक्कल पडलंय की."

"पडू दे," मावशी म्हणाली. "मला बी विकायचंय. गवत चरायचं असतं तर मीही तुझ्यासारखं माजवलं असतं."

ती हसली, मीही हसलो. हे हसणं तिला महागात पडलं.

एका सकाळी थोंगइनच्या दोन गायी दावं तोडून अंगणात फिरल्या. तासाभरात एकीच्या तोंडाला फेस आला, पाय थरथरायला लागले, पोट ढोलासारखं फुगलं. ती पडली. मागोमाग दुसरी. थोंगइनची बायको ऊर बडवत होती. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावायला लागलो, तर आचानने माझा हात धरला.

"डॉक्टरची सुई टोचली तर नागराज गाव सोडतील."

"गायी मरतायत, दिसत नाही?"

"दिसतंय. तुला दिसत नाही ते मला दिसतंय."

दोन्ही गायी डोळ्यांदेखत मेल्या. आचानने पहिलीच्या पोटावर हात ठेवला, नाक वर करून हुंगलं आणि म्हणाला, "काळीज खाल्लंय. आतून. हे फी-पोपचं काम आहे."

अंगण गारठलं. आमच्याकडे फी-पोप म्हणजे माणसाच्या रूपात गावात राहणारं आणि जित्या जिवाचं काळीज खाणारं भूत. ते कुणाच्या अंगात आहे असं ठरलं, की त्या माणसाचं गावातलं जगणं संपतं. पलीकडच्या गावात एका म्हातारीचं घर असंच फळी फळी करून उतरवलं होतं. ती बसस्टँडवर मेली.

"गावात एक शेत असं आहे," आचान म्हणाला, "जिथे ठोंबांमधून वाटा सोडल्यात. कुणासाठी सोडल्यात त्या वाटा? ज्या बाईच्या घरी नवरा नाही, पोर नाही, ती कुणाशी बोलते रात्रभर?"

नाव त्याने घेतलंच नाही. ते गावाने घेतलं.

इथे एक गोष्ट मला सांगायलाच हवी. माझंही शेत तसंच होतं. त्याच वाटा, तेच अंतर. पण मला कुणी फी-पोप म्हटलं नाही. मला चार भाऊ आहेत, चौघेही अंगापिंडाने धिप्पाड. भूत शोधणाऱ्यांना हे बरोबर कळतं, की कुणाच्या मागे कुणी नाही.

दुपारी मावशीच्या पत्र्यावर दगड पडले. शेतातली एक अख्खी रांग कुणीतरी मुळासकट उपटून बांधावर फेकली. मी गेलो तेव्हा ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. कपाळाला खोक पडलेली.

"सिथोन, लुआन आला होता दगड मारायला," ती म्हणाली. "त्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलंय रे."

लुआन माझा थोरला भाऊ.

"माझ्या घरी चल, मावशी."

"का? मी काय केलंय? गेले तर उद्या म्हणतील, पळाली म्हणजे तीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी निवाडा ठरला. प्रत्येक घरातून एकेकाने वाडगा आणायचा, एकाच रांजणातलं पाणी घ्यायचं, आचान प्रत्येकात दव टाकणार. ज्याचा वाडगा गार होईल तो निर्मळ. ज्याचा होणार नाही, त्याच्यावर नागराजांचा कोप. थोंगइनने भोंग्यावरून तसं पुकारलंही.

ते ऐकताच मी मोटरसायकल काढली आणि शाळेत गेलो. पिकुन बाई विज्ञान शिकवतात. गावातल्या तिशीखालच्या प्रत्येकाने त्यांच्या हातची छडी नाहीतर बोलणी खाल्ली आहेत. मी गायींपासून वाडग्यापर्यंत सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

"पूड टाकली की गार होतं? बाहेर पाणी येतं?"

"हो."

"आणि तीच पूड शेतात टाकली की गवत हिरवंकच्च?"

"हो, बाई."

"आणि तुम्ही सगळे शेतकरी!" बाई ओरडल्या. "जन्मभर पोती उपसलीत, आणि ओळखलं नाहीत? चल, बसव मला मागे."

आम्ही पोचलो तेव्हा निवाडा सुरू झाला होता. उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. माणसं वाडगे घेऊन गोलात बसलेली, आचान एकेकापुढे जाऊन झोळीतून पूड टाकत होता. "गार!" "गार!" "माझाही गार!" प्रत्येक हाकेला सुटकेचा सुस्कारा. बाई पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या हातांकडे बघत राहिल्या.

शेवटी मावशी. आचान तिच्यापुढे बसला, झोळी मांडीखाली सारली, डोळे मिटले, लांबलचक मंत्र म्हटला. मग पूड टाकली. मावशीने वाडगा दोन्ही हातांत धरला. सगळे माना उंचावून बघत होते.

"काय गं? गार झाला?"

"नाही," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंसुद्धा नाही.

थोंगइनने वाडग्याला हात लावला. "कोमट आहे!"

गर्दी उठली. "हिलाच बाहेर काढा!" "घर उतरवा!" लुआन सगळ्यांत पुढे होता. मी मध्ये शिरलो, त्याने मला ढकललं.

"बसा खाली!"

आवाज पिकुन बाईंचा होता, वर्गातला. अर्धी गर्दी सवयीनेच बसली. उरलेली अर्धी बसलेल्यांना बघून गोंधळली.

बाईंनी मावशीच्या हातातून वाडगा घेतला, करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. मग वाडगा थोंगइनपुढे धरला.

"चाखा."

"बाई, ते मंत्रलेलं—"

"चाखा म्हणते ना!"

थोंगइनने बोट चाटलं. तोंड वाकडं केलं. "खारट."

"मीठ आहे. हळद लावलेलं, वाटलेलं मीठ. आता तुमचा वाडगा हुंगा. चाखू नका, नुसता हुंगा. गोठ्यासारखा वास येतोय ना? यात मीठ नाही. मग हिच्याच वाडग्यात का, आचान?"

आचानच्या माळा खुळखुळल्या. "शिक्षण वाढलं की श्रद्धा आटते. बाई, नागराजांचा अपमान करू नका. त्या भुतानेच दवाचं मीठ केलं."

"असं? थोंगइन, कोठीत युरिया असेल ना?"

"असेल की. गेल्या वर्षीचं अर्धं पोतं आहे."

"आणा."

थोंगइनने टोपलीभर आणलं. पांढरे, साबुदाण्यासारखे दाणे. बाईंनी ते फळीवर पसरले, बाटलीने चुरडले, वर चिमूटभर हळद टाकली. बघता बघता फळीवर नागराजांचं दव तयार झालं. कुठल्या नदीच्या तळाशी जावं लागलं नाही. त्यांनी मावशीचा वाडगा खंगाळून त्याच रांजणातल्या पाण्याने भरला, पूड टाकली, ढवळली.

"धर, नुआनचान."

मावशीने धरला.

"सांग सगळ्यांना."

"गार," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "बर्फासारखा गार."

बाईंनी आचानची मांडीखालची झोळी ओढली. तो झटापट करायला गेला. यावेळी मी त्याचा हात धरला. झोळीत दोन कप्पे निघाले. एका कप्प्यातली पूड बाईंनी जिभेला लावून पाहिली, मग त्याच्याच पाण्याच्या वाडग्यात टाकली आणि वाडगा त्याच्या हातात कोंबला.

"कसा आहे? बोला ना. नागराज काय म्हणतात?"

थोंगइनने वाडग्याच्या बुडाला तळवा लावला. "कोमट."

"म्हणजे तुमच्याच निवाड्याने तुम्ही फी-पोप," बाई म्हणाल्या. "आम्ही तुमचं घर उतरवणार नाही, घाबरू नका. तसली रीत तुमची."

मग त्यांनी गावाला समजावलं, पोरांना समजावतात तसं. युरिया पाण्यात विरघळताना पाण्यातली ऊब ओढून घेतो, म्हणून पाणी गार पडतं. हवा दमट, भांडं गार, म्हणून भांड्याच्या बाहेर थेंब. बर्फ घातलेल्या पेल्याला येतात तेच. मीठ विरघळलं तर हाताला कळेल इतकं पाणी गार होत नाही. दोन तऱ्हेची पूड, एक झोळी, आणि ज्याला बुडवायचं त्याच्या वाडग्यात दुसरी पूड.

"आणि गायी?" थोंगइनचा आवाज बारीक झाला होता.

"शेतात ओतायचं दव कशात कालवून ठेवलं होतं?"

"टबात. गोठ्याजवळ."

"काल टब कसा होता?"

त्याच्या बायकोने उत्तर दिलं. "उपडा. मीच सरळ केला."

"युरियाचं पाणी गायीने ढोसलं की पोटात त्याचा विषारी वायू होतो. फेस, थरथर, पोटफुगी. वेळेवर डॉक्टर आला असता तर कदाचित वाचल्या असत्या. डॉक्टरला कुणी अडवलं?"

सगळ्या माना आचानकडे वळल्या. कालपर्यंत हात जोडणारे लोक आता मुठी वळून उठले. लुआनने दगड उचलला. काल मावशीवर उचलला तसाच. बाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "टाक तो खाली. काल बाईवर, आज ह्याच्यावर, उद्या कुणावर? निघतानाच मी पोलिसांना फोन केलाय, ते येतायत. ते बघतील."

पोलिसांनी आचानला नेलं. दुपारी गुरांचे डॉक्टर आले. पुरायची राहिलेली गाय त्यांनी उघडली, काळीज बाहेर काढून केळीच्या पानावर ठेवलं. मोठं, लालसर तपकिरी, सबंध.

"कुणी खाल्लंय हे?" त्यांनी विचारलं.

शेतांचं जे व्हायचं तेच झालं. तुरे बाहेर पडायच्या सुमाराला जोराची सर आली आणि नागराजांची काळीहिरवी शेतं रातोरात आडवी झाली. खताने माजलेली मऊ ताटं स्वतःचाच भार पेलू शकली नाहीत. लोळलेल्या गवतात तुरे कुजले. जे उभे होते त्यांच्यातलं बी सुपात पाखडलं तर निम्म्याहून जास्त पोचट उडून गेलं. पुडक्यांचा खर्च वर. मावशीचं आणि माझं शेत वाकलं, सावरलं आणि उभं राहिलं. महिनाभर आम्ही सकाळी तुरे झटकत होतो, आणि पिशवी जड होत होती.

लोक मावशीकडे माफी मागायला गेले. रीतीप्रमाणे पांढरे दोरे घेऊन गेले, तिच्या मनगटाला बांधायला, घाबरून पळालेला जीव अंगात परत बोलवायला. थोंगइन पुढे, लुआन मागे तोंड लपवून.

मावशीने हात पुढे केला नाही.

"माझा जीव कुठे गेला नव्हता," ती म्हणाली. "इथेच पायरीवर बसला होता. तुम्ही वाडग्याला विचारलंत. मला एकानेही विचारलं नाही की बाई, काल गायींजवळ गेली होतीस का?"

"चुकलं, मावशी," थोंगइन म्हणाला. "फसवलं त्याने आम्हाला."

"पूड त्याने टाकली, थोंगइन. दगड त्याने नाही मारले."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. लुआनशी ती आजतागायत बोललेली नाही, आणि मी तिला बोल म्हणून सांगणारही नाही.

आचान जामिनावर सुटला. ऐकतो, की दोन जिल्हे ओलांडून दुसऱ्या नावाने, दुसरी पूड घेऊन बसलाय. बसणारच. आमच्यासारखी गावं कमी आहेत का?

म्हणून सांगतो. खत हे खत आहे. त्यात ना देव आहे, ना भूत. बेताचं घातलं तर बी देतं, ओतलं तर पीक लोळवतं, आणि गायीच्या पोटात गेलं तर मारतं. जो म्हणतो की विचारू नका, नुसतं अनुभवा, त्यालाच आधी विचारा. मोठ्याने, चारचौघांत, झोळी उलटी करून. आणि गावात काही वाईट घडलं आणि बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळायला लागलं, तर जाऊन तिच्या दारात उभे राहा, आणि विचारायचं ते बोट दाखवणाऱ्याला विचारा.